माईसाहेबांचे शेजारी

माईसाहेब गेल्या हे मला झेंडूच्या हारावरून कळलं.

हार इन्क्युबेटरच्या दाराला घातला होता. दारावर हळदीकुंकवाची बोटं होती. खाली कागदावर साखरफुटाणे ठेवले होते आणि एक मुंगळा त्यांचा रीतसर ताबा घेत होता. काचेपलीकडे पांढरा दिवा लख्ख पेटलेला. मी या खोलीत यायच्या आधीपासून त्या काचेवर असलेला काळा पडदा काढून, चार कोपरे जुळवून, लाँड्रीतून आल्यासारखा स्टुलावर ठेवला होता.

मी दार उघडलं. तिन्ही फ्लास्क जागच्या जागी होते. आतलं पाणी स्वच्छ होतं, बाटलीत भरून विकता येईल इतकं. माझ्या धंद्यात स्वच्छ पाणी म्हणजे प्रेत.

"पेडणेकरमामा," मी हाक मारली. मी फार घाबरलो की माझा आवाज स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईसारखा शांत होतो.

पेडणेकरमामा आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. ते दसऱ्याची नवी टोपी घालून आले होते. सुट्टी असूनही ते आले होते, कारण दुसऱ्या दिवशी कमिटी येणार होती आणि फरशी पुसायची होती.

"काय झाला, डॉक्टरांनू?" मी तेव्हा डॉक्टर झालेलो नव्हतो. मामा मला ॲडव्हान्समध्ये म्हणायचे.

"ही पूजा तुम्ही केलीत?"

"व्हय. काल खंडेनवमी. सगळ्या मशिनींची केलंय. मायक्रोस्कोपाची केलंय, ऑटोक्लेव्हाची केलंय, तुमच्या स्कूटराची पण केलंय."

"आणि दिवा?"

"खयचो दिवो?"

मी बाजूला झालो. मामांनी आत पाहिलं. मग टोपी काढली, जशी माणूस गेल्यावर काढतात.

माईसाहेब म्हणजे कुणी बाई नव्हे. त्या जिवाणू होत्या. झाडासारखे उजेडावर जगणारे जिवाणू समुद्रात असतात, आणि एका थेंबात गाव मावेल इतके ते लहान असतात. आपण श्वास घेतो त्यातला बराचसा प्राणवायू हे लोक फुकटात बनवतात आणि कुठे बोलत नाहीत. समुद्राच्या प्रत्येक थरात यांची वेगळी जमात. वरच्या थरातल्या भर उन्हात मजेत जगतात. खालच्या थरातल्यांना तेच ऊन दाखवलं तर त्या धक्क्याने मरतात. दिसायला सारख्या, आडनाव एक, पण एकमेकींच्या घरी राहू शकत नाहीत.

आमच्या माईसाहेब अगदी खालच्या. अरबी समुद्रात खोलवर एक थर आहे, जिथे उजेड म्हणजे नुसती निळसर शंका असते आणि प्राणवायू जवळजवळ नसतोच. मी शाळेत असताना रेगे मॅडमनी एका जहाजावरून त्या थरातलं पाणी वर ओढलं आणि त्यातून यांना घरी आणलं. मॅडम म्हणजे डॉ. वसुधा रेगे, माझ्या गाईड. या थरातली ही जमात जगात दुसऱ्या कुणाकडे वाढत असल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. यांना साबणाचा वास चालत नसे, नळाचं पाणी चालत नसे, तांब्याचा स्पर्श चालत नसे, त्या निळसर शंकेपलीकडचा उजेड तर नाहीच. माईसाहेब हे नाव मामांनी ठेवलं. त्यांच्या वाडीत तशा एक होत्या म्हणे.

आणि दुसऱ्या दिवशी येणारी कमिटी त्यांनाच बघायला येणार होती.

आमचं केंद्र कोकणातल्या एका जुन्या बंदरावर, सरकारी इमारतीत होतं. संचालकांना आमची खोली रंगीत मासे वाढवायच्या प्रकल्पासाठी हवी होती. रंगीत मासे दिसतात. आमचा प्राणी दिसत नाही. लोकशाहीत याचा तोटा होतो. शेवटी ठरलं ते असं, की आम्ही ती जमात शुद्ध आणि जिवंत स्वरूपात दाखवायची. शुद्ध म्हणजे दुसरा एकही जिवाणू नको. दाखवली तर खोली राहील. नाही तर मॅडमचं काम निवृत्तीआधीच कपाटात जाईल, मामांचं कंत्राट संपेल, आणि मी कराडला परत जाऊन वडिलांच्या टायरच्या दुकानात हवा भरीन. हवेशी माझा संबंध तेवढाच उरणार होता.

शुद्ध करायचं काम माझं. समुद्रातून माईसाहेब आल्या त्या एकट्या नव्हत्या, सोबत नाना तऱ्हेच्या जिवाणूंची झुंड होती. ती झुंड हाकलण्यात माझी तरुणपणाची वर्षं गेली. इतर मुलं प्रेमात पडत होती, मी एकेकाला बाहेर काढत होतो. गणपतीच्या आधी शेवटचा पाहुणा गेला. मी पेढे वाटले. संचालकांनीही एक घेतला, जरा नाराजीने.

आणि आता हा झेंडू.

"मामा, पडदा का काढलात?"

"मी पडद्याक हात लावूक नाय."

"मग काय तो स्वतः घडी घालून बसला?"

"मी भायरसून हार घातलंय, कुकू लावलंय, अगरबत्ती ओवाळलंय आणि गेलंय." ते थांबले. मग त्यांचा चेहरा हळूहळू पडला. "डॉक्टरांनू, अगरबत्तीचो धूर आत गेलो असात काय?"

"धुराने दिवा लागत नाही, मामा."

"पण धुरान मरतली ना ती?"

मी काही बोललो नाही. खरं तर मी पुष्कळ बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, कारण मामा वाचतात. मला एवढं आठवतं, की मी ते सगळं त्याच घोषणेच्या आवाजात बोललो आणि मामा नव्या टोपीची कड चोळत उभे राहिले. त्यांनी पुन्हा एकदाही 'मी नाही' म्हटलं नाही. मध्येच ते स्वतःशी म्हणाले, "मीच केलंय असात. बटणावर हात पडलो असात." हळूहळू त्यांना ते आठवायलाही लागलं. माणसाला पुरेसं रागावलं तर त्याला न केलेलं सगळं आठवतं.

मी फोन करून पाहिले. पुण्याच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत कुणी उचलला नाही, सगळे श्रीखंड खात असणार. गोव्यातल्या एका मित्राने उचलला.

"तुझ्याकडे खालच्या थरातली काही जमात आहे का?" मी विचारलं.

"वरच्या थरातली आहे. हवी तर घे, कमिटीला काय कळतंय?"

मी विचार केला. पुष्कळ वेळ विचार केला, हे सांगायला हवं. मग म्हणालो, "नको. मॅडमना कळेल."

"मग मॅडमनाच सांग," तो म्हणाला आणि पुरी खायला गेला.

म्हणून मी मामांना स्कूटरवर मागे बसवलं आणि मॅडमच्या घरी निघालो. मामांनी स्वतः सगळं मॅडमना सांगावं असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. स्कूटरच्या हँडलला हार होता, मामांनीच घातलेला. रस्त्यात जो तो आमच्याकडे बघून हसत होता. दोन माणसं फाशीला चालली आहेत आणि गाडी नटलेली आहे, असा आमचा थाट.

"माका कामावरसून काढतले?" मामांनी मागून विचारलं.

"आपल्या सगळ्यांनाच काढतील."

"तां बरा," मामा म्हणाले. "एकट्याक वायट वाटता."

मॅडम घरी एकट्याच राहायच्या. दाराला तोरण होतं. त्यांनी दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि आपट्याची दोन पानं आमच्या हातावर ठेवली. "सोनं घ्या. बसा. खीर आहे."

"मॅडम, माईसाहेब गेल्या," मी म्हणालो.

"हं," मॅडम म्हणाल्या. "खिरीत वेलची जास्त झालीय, चालेल ना?"

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं, सविस्तर सांगितलं. पडदा, दिवा, पाणी. मग मामांकडे पाहिलं. मामा उभेच होते. त्यांनी आपट्याचं पान दोन्ही हातांत धरलं होतं.

"बाईनू, माझी चूक झाली. मी पूजा करताना पडदो काढलंय. बटण दाबलंय. माका म्हायत नव्हता." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काय तो हिशेब उद्या कमिटीसमोर पण सांगान. डॉक्टरांची काय चूक नाय."

मॅडमच्या हातातली वाटी टेबलावर जरा जोरात टेकली.

"पेडणेकर, तुम्ही पडदा काढलात?"

"व्हय."

"कुठल्या हाताने?"

मामांनी दोन्ही हातांकडे पाहिलं. त्यांना ठरवता येईना.

"तुम्ही काढला नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मी काढला. काल दुपारी, तुम्ही गेल्यावर."

खीर घट्ट होत होती. मला आठवतं, कारण मी फक्त खिरीकडे बघत होतो.

"मॅडम, तुम्हाला तर माहीत आहे की उजेडाने..."

"उजेडाने नाही गेल्या त्या." मॅडम खुर्चीत बसल्या. "त्या आधीच गेल्या होत्या. मागच्या आठवड्यात तू कराडला गेलास तेव्हा मी मायक्रोस्कोपखाली थेंब घेतला. निळा उजेड टाकला. एकही ठिपका लाल दिसला नाही."

इथे सांगायला हवं, की जिवंत माईसाहेबांवर निळा उजेड पडला की त्या निखाऱ्यासारख्या लाल चमकतात. मेलेल्या चमकत नाहीत. आमच्याकडे नाडी बघायची ही एकच पद्धत होती.

"पण मी काहीच केलं नव्हतं," मी म्हणालो. "मी तर नुसतं शुद्ध केलं."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी माझं वाक्य पुन्हा मनात ऐकलं आणि मग मला समजलं.

"शुद्ध केलं म्हणून?"

"त्यांच्या आसपास एक विष साठतं. पाण्यात आपोआपच होतं, उजेडाने वगैरे. त्यांना ते निस्तरता येत नाही. शेजारी निस्तरतात. मला बरेच दिवस शंका होती, पण कमिटीला शुद्ध हवं होतं, आणि मला खोली हवी होती. मी तुला थांबवलं नाही."

"मग पडदा कशाला काढलात?"

"तुला शिव्या घालायला काहीतरी हवं ना. दिव्याला घातल्या असत्यास. फार तर कुणी दिवा लावला त्याला. नाहीतर तू आपल्या हातांना घातल्या असत्यास. त्या हातांनी तुला अजून पुष्कळ वर्षं काम करायचंय."

"आणि माका घातल्यो त्यो?" मामांनी विचारलं. रागाने नव्हे. खरोखर माहिती हवी असल्यासारखं.

मॅडम उठल्या. मामांसमोर उभ्या राहिल्या. मी त्यांना संचालकांसमोर उभं राहिलेलं पाहिलं होतं, मंत्र्यांसमोर पाहिलं होतं. अशा कधी उभ्या नव्हत्या.

"तुमचा विचारच केला नाही, पेडणेकर. मला वाटलं, याला कोण दिसणार तिथे, दिवाच दिसेल. तुमचा हार मला दिसला होता. तरी विचार केला नाही."

मामा पहिल्यांदा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "खीर देवा."

आम्ही खीर खाल्ली. वेलची जास्तच होती. त्या दिवशी तिघांपैकी कुणालाही पुढे काय करायचं हे माहीत नव्हतं, आणि अशा वेळी खीर खाणं हा एकच ठोस कार्यक्रम असतो.

"सगळ्या गेल्या?" मी शेवटी विचारलं. "जुन्या, झुंडीसकटच्या मळक्या बाटल्या मी ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करायला दिल्या होत्या. गणपतीत."

"मला दिल्या होत्यास," मॅडम म्हणाल्या.

त्या आत गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांच्या झोपायच्या खोलीत सागवानी कपाट होतं, दाराच्या फटीतून एक वायर बाहेर आली होती. मॅडमनी दार उघडलं. वर शाली, खाली रेशमी साड्या, आणि मधल्या कप्प्यात झिरोचा निळा बल्ब. लहान मुलांना अंधाराची भीती वाटते म्हणून लावतात तो. बल्बसमोर घडी केलेला जांभळा शालू, आणि शालूला टेकून एक बाटली.

"समुद्रात खाली एवढाच उजेड असतो," मॅडम म्हणाल्या. "बाजारात याहून चांगला मिळाला नाही."

बाटलीतलं पाणी गढूळ होतं. तळाशी काहीतरी साचलं होतं. मी शाळेत असतो तर बाईंनी ओतून टाकायला लावलं असतं.

"जिवंत आहेत?"

"माहीत नाही. घरी मायक्रोस्कोप नाही. आणि प्रयोगशाळेत न्यायचा धीर झाला नाही. इथे आहेत असं वाटत होतं तेवढं पुरत होतं."

बाटली मामांनी धरली. काळ्या पडद्यात नव्हे, तो प्रयोगशाळेत होता. मॅडमच्या त्या जांभळ्या शालूत. मी स्कूटर चालवली, मॅडम रिक्षाने आल्या. मी आयुष्यात इतकी हळू स्कूटर चालवलेली नाही. एक म्हैस आम्हाला मागे टाकून पुढे गेली. मामा मागून शालूशी बोलत होते: "जरा थांबा, माईसाहेब. आता इलाच. डॉक्टर चलवतहत, मगे येळ लागतलोच."

खोलीच्या खिडक्या बंद केल्या. मॅडमनी थेंब काचेवर घेतला. काच मी मायक्रोस्कोपखाली लावली. निळा उजेड सोडला आणि डोळा टेकवला.

काळं.

मी काच सरकवली. काळं. अजून सरकवली. कराड, दुकान, हवेचा पंप, वडिलांचा 'सांगितलं होतं' असा चेहरा, हे सगळं त्या काळ्यात अगदी स्पष्ट दिसलं. "काय दिसता?" मामांनी विचारलं. मी म्हणालो, "कराड."

"बाजूला हो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्वतः डोळा लावला, आणि एक बटण अगदी थोडंसं फिरवलं. मी नजर चुकीच्या पातळीवर लावली होती, एवढंच. मग डोळा न उचलता त्या काच हळूहळू सरकवत राहिल्या. मी पोरका झाल्यासारखा उभा होतो.

"ये," त्या म्हणाल्या.

लाल ठिपके होते. फार नव्हते. बारीक, एकटे-दुकटे. साध्या उजेडात पाहिलं तेव्हा कळलं, की ते एकटे नव्हतेच. भोवती बिनचमकणारी झुंड होती, लांबट, गोल, वळवळणारी. मी नावानिशी ओळखत होतो. एकेकाला मीच बाहेर काढलं होतं.

मामांनीही पाहिलं. मग खिशातून आपट्याचं पान काढून मायक्रोस्कोपजवळ ठेवलं.

कमिटी दुसऱ्या दिवशी आली. अध्यक्ष सज्जन होते, घाईत होते आणि त्यांना आमच्यानंतर रंगीत माशांचा नमुना टँक बघायचा होता.

"शुद्ध आहे?" त्यांनी गढूळ बाटलीकडे बघत विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "जिवंत आहे."

"पत्रात दोन्ही लिहिलंय."

"दोन्ही एकत्र होत नाही."

अध्यक्षांनी प्राणवायू मोजायच्या यंत्राकडे बोट केलं. "किती बनवतात?"

मी यंत्र बाटलीत सोडलं. काटा शून्यावर होता. शून्यावरच राहिला.

"काहीच बनवत नाहीत?"

"बनवतात, सर," मी म्हणालो. "शेजारी खातात. बनला की लगेच. समुद्रात खाली पण असंच आहे. म्हणून तिथे यंत्र शून्य दाखवतं आणि तरी सगळे जगतात."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. त्यांना खरंच समजलं होतं असं मला अजूनही वाटतं. "मग प्रकल्प शेजाऱ्यांवर टाका ना," ते म्हणाले. "याच्यात काय दाखवणार मी वर? शून्य?"

खोली माशांना गेली.

मॅडम मार्चमध्ये निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांना क्लाउनफिशची एक जोडी भेट देण्यात आली. बाटलीतल्या पाण्याचे त्यांनी तीन भाग केले, एक स्वतःच्या कपाटात, एक माझ्याकडे, एक मामांकडे. मामांना संचालकांनी माशांवर ठेवून घेतलं, कारण मॅडमनी जायच्या आधी संचालकांच्या केबिनमध्ये जाऊन काहीतरी बोलून ठेवलं होतं. काय ते मामांना त्यांनी कधी सांगितलं नाही. त्याच खोलीत, खाद्याच्या पोत्यांमागे, एका पेटीत निळा झिरोचा बल्ब आहे. संचालकांना वाटतं ती मामांची देवाची पेटी आहे. खंडेनवमीला तिला हार असतो. बाहेरून.

मी प्रकल्प शेजाऱ्यांवर टाकला. माझी डॉक्टरेट शेजाऱ्यांवरच आहे. मामा आता मला नुसतं कुणाल म्हणतात.

आता माझ्या हाताखाली मुलं आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्यातली एक, ऋतुजा खराडे, सकाळी फोनवर म्हणाली, "सर, फ्लास्क स्वच्छ झालाय." मी गेलो. ती जमात वेगळी होती, वरच्या थरातली. पण पाणी तेच होतं, विकता येईल असं. ऋतुजा हातमोजे काढून उभी होती आणि आपल्या हातांकडे बघत होती.

"रात्री वीज गेली होती का, सर?" तिने विचारलं. "इन्क्युबेटर बंद पडला होता का?"

मी त्या यंत्राच्या मागच्या बटणाकडे पाहिलं. ते चालू होतं. काल संध्याकाळी मी इथून गेलो तेव्हा बाजूच्या टेबलावर आमचे राखणदार, दळवीकाका, डबा खात बसले होते. तो डबा अजून तिथेच होता.

"नाही," मी म्हणालो. "वीज होती."

ती रडायला लागली.

"गाडीत बस," मी म्हणालो. "माझ्या घरी चल. तुझी जुनी मळकी बाटली काढायला बायकोचं कपाट उघडावं लागेल, त्यामुळे आधी तिला नीट नमस्कार कर."